रक्तदाब उतरवायला लुब्लियानाला

लुब्लियाना कुठे आहे, असं परत आल्यापासून मला अनेकांनी विचारलं. ती स्लोव्हेनियाची राजधानी आहे. इटलीच्या पूर्वेला आणि ऑस्ट्रियाच्या दक्षिणेला. वस्ती आमच्या नाशिकच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाची आणि आवाज त्याहून पुष्कळ कमी. मधून नदी, तिच्यावर पूल, टेकडीवर किल्ला. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पण तिथे बघण्यासारखं काय आहे?" फारसं काही नाही. आम्ही गेलो ते त्यासाठीच.

मी कुवेतमध्ये, अहमदीला, तेलाच्या कामावर इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर आहे. पाइपांमधला दाब दाखवणारी जी उपकरणं असतात ती खरं बोलतात की नाही, हे तपासणं माझं काम. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचे दाब मोजले. या मे महिन्याच्या सुरुवातीला वार्षिक तपासणीत सिस्टरने माझा मोजला आणि मशीनकडे अशा नजरेने बघितलं, जशा नजरेने मी सहसा गळक्या व्हॉल्व्हकडे बघतो. वरचा आकडा एकशे बासष्ट होता.

डॉक्टर इजिप्शियन. प्रेमळ, पण शिक्क्याच्या बाबतीत कडक. म्हणाले, "तीन आठवड्यांनी मंगळवारी पुन्हा या. दीडशेच्या खाली असेल तर शिक्का देतो. नसेल तर फाइल वर पाठवावी लागेल."

फाइल वर जाणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. 'फिट'चा शिक्का नाही तर साइटवर प्रवेश नाही, साइटवर प्रवेश नाही तर जूनमध्ये करार वाढत नाही, करार नाही तर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नाही. आमची ईशा बारावीत आहे. बारावीच्या ऐन वर्षात तिची शाळा आणि देश दोन्ही बदलायचे की नाही, हे आता माझ्या दंडाला बांधलेल्या पट्ट्यावर ठरणार होतं.

"गोळी मी देतो," डॉक्टर म्हणाले. "पण कुठेतरी जाऊन आराम करा. तो भाग मला करता येत नाही."

हे मी फहाहीलच्या मुकादमांना सांगितलं. मुकादम श्रीवर्धनचे, त्यांचं तिकिटांचं दुकान आहे. मागच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या लोकांबरोबर आम्ही आठ दिवसांत सहा देश केले होते, ती तिकिटं त्यांचीच. त्या व्हिसाची मुदत अजून शिल्लक होती.

"साहेब, तुम्हाला पॅरिसला पाठवलं तर तुम्ही पाच म्युझियम करून याल आणि येताना बीपी दोनशे," मुकादम म्हणाले. "हे गाव घ्या. तिथं करण्यासारखं काय नाय. दोन दिवसांत माणूस कंटाळतो."

"मग जायचं कशाला?"

"तुम्हाला कंटाळाच पाहिजे ना? इथं तुम्हाला तो जमत नाय. आमचे एक गिऱ्हाईक तिथून आले, चार दिवस बोलायचेच नाय. त्यांची बायको अजून मला दुवा देते."

माझ्या बायकोला, सुलभाला, हे पटलं. ती इथल्या भारतीय शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे गोंगाटात शांत बसायची तिला सवय आहे. तिची अट एकच होती. "तिकडे वेळापत्रक करायचं नाही."

मी वेळापत्रक केलं नाही. फक्त आरामाचे भाग पाडले. शुक्रवारी नदी, शनिवारी किल्ला, रविवारी खरेदी, आणि प्रत्येक भागाच्या आधी व नंतर रक्तदाब. आराम केला की दाब उतरतो असं डॉक्टर म्हणतात. पण कोणत्या आरामाने किती उतरतो, हे कोणी तरी मोजायला नको का? मी एक चांगलं मशीन घेतलं आणि त्याच्यासाठी चार नवे सेल आणले. मशीनमध्ये घालताना सुलभाला समजावून सांगितलं की नव्यात जुना सेल कधी मिसळू नये, कारण तीन घोडे आणि एक गाढव जोडलं की गाडी गाढवाच्या वेगाने चालते. ती म्हणाली, "तीन घोड्यांना विचारलंय का कोणी?"

सेलचा विषय निघाला तेव्हा तिने स्वयंपाकघरातल्या घड्याळाचीही आठवण केली. ते घड्याळ रोज दोन मिनिटं मागे पडतं. शुक्रवारी मी ते लावतो आणि पुढे वारागणिक मनात मिनिटं मिळवतो. तिला त्याचा सेल बदलून हवा होता. मी म्हटलं, ज्या उपकरणाची चूक नियमित आहे, ते उपकरण चुकीचं नसतं. ती पोळी उलटत राहिली.

*शुक्रवार*

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर निघालो आणि इस्तंबूलमार्गे शुक्रवारी सकाळी पोचलो. मधलं सांगण्यासारखं इतकंच की विमानतळावरच्या तपासनिसाने रक्तदाबाचा पट्टा उघडून दाखवायला सांगितला आणि मी त्याला मोजूनच दाखवला. एकशे चौसष्ट. त्याने मला पुढे जायला सांगितलं, जरा घाईनेच.

कुवेतमध्ये निघताना चव्वेचाळीस डिग्री होतं, इथे वीस. सुलभाने बॅगेतून शाल काढली आणि रस्त्यात उभी राहून नुसता श्वास घेतला. गावाच्या मध्यभागी मोटारींना बंदी आहे. इथे लोक चालतात, तेही कुठे पोचायचं असल्यासारखे नाही. आमच्याकडे पार्किंगपासून मॉलच्या दारापर्यंत जे चालतो तेच काय ते चालणं, आणि त्यालाही आपण मुलांना सांगताना व्यायाम म्हणतो.

राहायची सोय मिलेना नावाच्या बाईंकडे होती. सत्तरीच्या, एकट्या, उंच, ओठात सिगरेट. तीन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. त्यांचं इंग्रजी माझ्या अरबीइतकंच होतं, म्हणजे कामापुरतं आणि क्रियापदांशिवाय. खोली दाखवल्यावर म्हणाल्या, "आज बाजार. नदीकाठी खाणं. शुक्रवार, फार छान."

मी सुलभाला मराठीत समजावलं, की बाईंचा काही तरी घोळ होतोय. शुक्रवारी कसला बाजार? शुक्रवारी सगळं बंद असतं, दुपारनंतर हळूहळू उघडतं. म्हणून मी मुद्दामच शुक्रवार नुसत्या नदीला दिला होता.

नदीकाठी गेलो तर अख्खं गाव तिथे जेवत होतं. चौकात तंबू, तंबूंत चुली, चुलींवर माशांपासून पुलावापर्यंत सगळं. एकोणीस वर्षांच्या सवयीपुढे युरोपचं काही चालेना; शुक्रवारी उघडी दुकानं बघून मला त्यांच्या वतीने अपराधी वाटत होतं. सुलभाने स्ट्रुकली नावाचा पदार्थ घेतला. आळुवडीसारखी वळकटी करून उकडतात, आत गोडसर पनीर, वर भाजलेला रवा वाटावा असा पावाचा चुरा. "उकडलेली करंजी म्हणा," ती म्हणाली. मी मीठ किती आहे ते विचारलं. विकणाऱ्या मुलीने चिमूट दाखवली. मी विचारलं, कोणाची चिमूट? सुलभा तोवर दुसरी प्लेट घ्यायला गेली होती.

जेवणाआधी एकशे अठ्ठावन्न, जेवणानंतर एकशे साठ. मग तीन पूल एकमेकांना चिकटून आहेत तिथे कठड्यावर बसून मोजलं. एक जपानी जोडपं थांबलं आणि त्यांनी माझा फोटो काढला. गुलाबी रंगाचं एक चर्च आहे, तिथे आत गार आणि शांत होतं. अशा ठिकाणी नक्कीच उतरला असेल म्हणून मागच्या बाकावर पट्टा बांधला. मशीनचा पंप एवढ्या मोठ्याने घुरघुरतो हे मला घरी कधी जाणवलं नव्हतं. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका एक एक करून मागे वळल्या. शेवटी मशीनने तीन वेळा टूं केलं तेव्हा एक बाई उठून माझ्याकडे आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्यासाठी मेणबत्ती लावून गेली. एकशे एकाहत्तर.

"मोजल्यामुळे वाढतोय तो," बाहेर आल्यावर सुलभा म्हणाली.

"मोजल्याने दाब वाढत नाही. मी इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर आहे."

"आणि मी पाइप आहे का?" ती म्हणाली. "सकाळपासून एक शब्द बोलला नाहीत माझ्याशी, आकडे सोडून."

*शनिवार*

किल्ल्यावर जायला पाळण्यासारखी रेल्वे आहे. पण चालणं रक्तदाबाला चांगलं, असं वाचलं होतं, म्हणून चालत निघालो. वाट झाडीतून आहे, चढ सिंहगडाच्या पासंगाला पुरणार नाही, तरी अर्ध्यावर मी थांबून मोजलं. चढल्यामुळे आकडा साहजिकच वर होता, म्हणून तो उतरेपर्यंत बसलो. बसूनही उतरेना, म्हणून पुन्हा मोजलं. सुलभा म्हणाली, "तुम्ही उतरवा, मी चढते." ती एकटीच वर जाऊन आली. वरून लाल कौलांचं गाव आणि लांब बर्फाचे डोंगर दिसतात, असं मला तिच्याकडून कळलं. माझ्याकडे त्या वेळचे पाच आकडे आहेत.

ईशाचा फोन आला. ती खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे राहिली होती. "बाबा, हाउ इज इट?"

"एकशे त्रेसष्ट."

"द प्लेस, बाबा."

संध्याकाळी मिलेनाबाईंनी अंगणात बोलावलं. अक्रोडाचा रोल कापला होता. मी माझ्या हिश्शाआधी पट्टा बांधला तसा त्यांनी हात पुढे केला. मोजलं तर एकशे अठ्ठ्याहत्तर. मी आकडा सांगायला कचरत होतो. त्यांनीच वाकून बघितला आणि खूश झाल्या. शेजारच्या आजोबांना कुंपणावरून हाक मारली. आजोबांचा एकशे बावन्न. मिलेनाबाईंनी टाळी वाजवली. त्या जिंकल्या होत्या. मग आजोबांनी आपला भाऊ आणला. अर्ध्या तासात अंगणात रांग लागली. मी प्रत्येकाला बोलू नका, पाय जमिनीला टेका, असं सांगत होतो आणि प्रत्येक जण पाय हवेत धरून बोलत होता. रोलचा दुसरा तुकडा संपेपर्यंत मशीनच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र लुकलुकायला लागलं, आणि आजोबांच्या भावाच्या दंडावर ते हवा भरता भरता मेलं.

नवे सेल. पुस्तिकेत लिहिलेल्या संख्येच्या पावही वापर झालेला नव्हता. काढून बघितले, एकाच कंपनीचे, चारही सारखे. कुवेतच्या दुकानात उन्हात पडून राहिले असणार, असं मी अनुमान काढलं.

"आता बाजारात जाऊन आणता का?" सुलभाने विचारलं. सात वाजले होते.

"आता कशाला? आज शनिवार, सुट्टीचा दिवस. उद्या रविवारी सकाळी सगळं रीतसर उघडेल. खरेदी उद्याच आहे."

ती "बरं" म्हणाली आणि तिसरा तुकडा घेतला.

*रविवार*

वाचकांपैकी जे आखातात राहिलेले नाहीत त्यांना माझी चूक आधीच दिसली असेल. जे राहिले आहेत त्यांनीही ती केली असती, याची मला खात्री आहे. आमची सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि आठवडा रविवारी सुरू होतो. रविवारी अलार्म वाजतो आणि बॉसचे मेल येतात. रविवार ही सुट्टी असते हे मला माहीत होतं, जसं आपल्याला पृथ्वी फिरते हे माहीत असतं.

नऊ वाजता मी पिशवी घेऊन बाजारात उभा होतो. दुकानामागून दुकान बंद. किराणा बंद, इलेक्ट्रिकचं बंद, मोठं सुपरमार्केट बंद. उघडे होते ते फक्त कॉफीचे अड्डे, आणि त्यांत गाव असं पसरलं होतं की या लोकांना सोमवार नावाची गोष्ट ठाऊक आहे की नाही, अशी शंका यावी.

परत जाऊन मिलेनाबाईंना रिकामे सेल दाखवले. त्यांनी खूप विचार केला. "रविवार, कायदा, बंद," त्या म्हणाल्या. मग बोट वर केलं. "पेट्रोल पंप. उघडा. स्टेशनच्या पलीकडे, लांब."

म्हणजे ज्या देशातून पेट्रोल येतं तिथून माणूस इतक्या लांब यावा आणि त्याला पेट्रोल पंपावरच जावं लागावं.

"मी येणार नाही," सुलभा म्हणाली. "मी नदीवर बसते. तुम्ही या जाऊन."

मंगळवार दोन दिवसांवर होता. माझा शेवटचा आकडा एकशे त्रेसष्ट. तो खाली आला की वर गेला, हे न कळता परत जाणं म्हणजे गेज काढून ठेवून लाइन चालू करण्यासारखं होतं. मी तिला नदीपर्यंत सोडून पुढे जायचं ठरवलं. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या कडेला विलोची झाडं आहेत, त्यांखाली एक बाक मिळाला. तिने चपला काढल्या, घरून आणलेल्या धपाट्यांचा डबा शेजारी ठेवला. मी पाण्याची बाटली भरून आणायला नळावर गेलो. परत येतो तर ती झोपली होती. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, मांडीवर पर्स, पर्स सताड उघडी, आणि पर्समध्ये दोघांचे पासपोर्ट.

उठवावं तर ती किती दिवसांनी अशी झोपली होती, मला सांगता येत नव्हतं. शाळेच्या परीक्षा, घर, ईशाचे क्लास, आणि तीन आठवडे माझे आकडे. पर्स बंद करायला गेलो तर तिचा हात पट्ट्यात अडकलेला. पासपोर्ट उघड्यावर टाकून कोणता माणूस पेट्रोल पंपावर जाईल? मी बसलो.

बसल्यावर करायला काही नव्हतं. पाणी हिरवं आहे, पण शेवाळाचं नव्हे, कैरीच्या पन्ह्यासारखं. एक बोट गेली. समोरच्या काठावर एक माणूस कुत्र्याला काही तरी समजावत होता आणि कुत्र्याला ते पटत नव्हतं. विलोच्या फांद्या पाण्याला टेकतात तिथे प्रवाह अडतो, छोटी सुरकुती पडते आणि पुढे जाऊन मिटते. वेग काढायला ही चांगली जागा होती. पान एका फांदीपासून दुसऱ्या फांदीपर्यंत जायला किती वेळ लागतो ते बघायचं, असं मी ठरवलं. पहिलं पान मला नीट आठवतं. दुसरं आठवत नाही.

चर्चच्या घंटांनी जाग आली. सावली आमच्यावरून सरकून गेली होती, माझा डावा गाल भाजला होता. पर्स जागेवर, पासपोर्ट जागेवर. डब्यात चिमण्या बसल्या होत्या आणि त्यांनी धपाटी संपवत आणली होती. सुलभा आधीच उठलेली होती आणि चिमण्यांना हाकलत नव्हती.

"घोरत होतात," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"मी मोजलं नाही."

पेट्रोल पंपाला जायला आता वेळ नव्हता. संध्याकाळचं विमान होतं. राहिलेल्या धपाट्याचे दोन तुकडे करून खाल्ले आणि बराच वेळ बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात एकही आकडा नव्हता. निघताना मिलेनाबाईंनी माझा गाल बघितला आणि कौतुकाने म्हणाल्या, "अर्धा माणूस, सुट्टी."

*कुवेत*

सोमवारी घरी झोप काढली. मंगळवारी साडेसातला अहमदीच्या दवाखान्यात पोचायचं होतं. नवे सेल आणून आधी घरी एकदा मोजावं असं मनात होतं, पण सोमवारी राहून गेलं. सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि सवयीने स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघितलं. पावणेसात. मागच्या शुक्रवारी आम्ही नव्हतो, म्हणजे घड्याळ लावल्याला अकरा दिवस झाले, म्हणजे बावीस मिनिटं. सात वाजून सात. मी कप ठेवून चावी उचलली.

"अहो, बसा. वेळ आहे," सुलभा म्हणाली.

"कुठे वेळ आहे? बावीस मिनिटं मागे आहे ते."

"नाही मागे."

मी मोबाइल बघितला. पावणेसातच होते.

"सेल बदललास?"

"निघायच्या आदल्या दिवशी."

"नवा कुठे मिळाला?"

"होता घरात एक," ती म्हणाली आणि चहात दूध घातलं.

घरात नवे सेल चारच होते, आणि ते चारही मी स्वतः मशीनमध्ये घातले होते. घड्याळातला दमलेला सेलही त्याच कंपनीचा, कारण मी दुसऱ्या कंपनीचे घेत नाही. तीन घोडे आणि एक गाढव. माझं सगळं व्याख्यान तिने नीट ऐकलं होतं.

मी तिच्याकडे बघितलं. मानेवरची शीर उडायला लागलेली मला कळली.

"आता रागावू नका," ती शांतपणे म्हणाली. "साडेसातला मोजणार आहेत."

मी बसलो. चहा संपवला. तिने बशीत बिस्किटं ठेवली, बिनमिठाची. घड्याळ भिंतीवर बरोबर चालत होतं आणि त्यात मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात सिस्टरने पट्टा बांधला. सवयीने मान वळवून मी पडदा बघणार, तर माझ्या डोळ्यांपुढे ते हिरवं पाणी आणि फांदीला अडकलेलं पान आलं, आणि दुसरं पान निघालं की नाही, याचा मी विचार करत राहिलो. पट्टा सैल झाला. डॉक्टरांनी कागद बघितला, शिक्का उचलला, त्यावर फुंकर मारली आणि मारला.

पार्किंगमधून मी सुलभाला फोन केला. शाळेची मधली सुट्टी होती, मागे मुलांचा गलका.

"शिक्का मिळाला," मी म्हटलं.

"देवा. किती आला?"

"वरचा एकशे चाळीसच्या आसपास म्हणाले."

"आणि खालचा?"

"खालचा विचारायचा राहिला."

गलका तसाच चालू होता. मग आवाज खाली आणून, खऱ्या काळजीने तिने विचारलं, "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"